नव्या डब्यात जुना प्रोग्राम

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तीन नंबरची लाइन बंद पडली, आणि तिथून आमच्या कॅन्टीनमध्ये किस्से साठत गेले. लिहून ठेवले नाहीत तर एकात एक मिसळतील. इंग्लंडात स्लाऊला, कारखान्यांच्या इस्टेटवर आम्ही सॅलडचे ट्रे भरतो. ही लाइन गेली तर आम्हा सगळ्यांना रात्रपाळी, आणि माझी दीड वर्षाची ईरा रात्री माझ्याशिवाय झोपत नाही. म्हणून मी प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होते.

*

लाइन चालवणारा कंट्रोलर म्हणजे टिफिनएवढा डबा. तो जळला.

मेंटेनन्सचे अभयदादा म्हणाले, “हा आता बनत नाही. दुसऱ्या कंपनीचा मिळेल, पण आपला प्रोग्राम त्यात चालणार नाही.”

“प्रोग्राम आपलाच ना?” मी विचारलं.

“आपलाच! चालतो फक्त जुन्या कंपनीच्या डब्यात!”

नीताताई, आमच्या सुपरवायझर, म्हणाल्या, “माझा मिक्सर गेला, भांडं अजून नवंकोरं. दुसऱ्या कुठल्या मिक्सरला बसतच नाही. कोथिंबीर लावलीय त्यात!”

*

दुसऱ्या कंपनीचा सेल्समन आला. “आमची प्रोग्रामची भाषा स्टँडर्ड आहे. कॉपी करा, पेस्ट करा!”

दादांनी केलं. स्क्रीनभर लाल ओळी.

“स्टँडर्ड ना?”

“हो, स्टँडर्डच! पण आमचं!”

*

जुन्या प्रोग्रामच्या काही भागाला पासवर्ड होता. लिहिणारा माणूस रिटायर होऊन स्पेनला गेलेला. दादांनी फोन लावला.

तो म्हणाला, “ती लाइन अजून चालतेय? मी तर तात्पुरतं लिहिलं होतं!”

पासवर्ड विसरला होता.

*

शेवटी दादांनी नव्या डब्यासाठी प्रोग्राम नव्यानेच लिहायचं ठरवलं. पण लाइन नेमकं काय करते, हे कागदावर कुठेच नाही!

“सविताला विचारा,” नीताताई म्हणाल्या. “पाच वर्षं तिथेच उभी आहे.”

मी म्हणाले, “अहो दादा, मी सातवी शिकलेली!”

“मराठीत लिही. आधी काय होतं, मग काय होतं. काही गाळू नकोस.”

दोन ब्रेकमध्ये वही भरली. ट्रे आला. थांबला. चार मोजले. झाकण बसलं.

सोमवारी लाइन सुरू झाली. दिवसपाळी राहिली. मॅनेजर बघत उभा होता. पन्नास ट्रे झाले की पट्टा पाच सेकंद नुसताच थांबायचा.

“हे कशासाठी?”

दादांनी वही उघडली. तिथे माझ्या अक्षरात होतं: ‘पन्नास ट्रे झाले की पाच मोजेपर्यंत ऑफिसच्या काचेकडे बघायचं. ईराच्या नर्सरीचा फोन आला असेल तर नीताताई हात करतात.’

दादांनी वही मिटली. “प्रोसेसची गरज आहे,” म्हणाले.

मॅनेजरने मान डोलावली.

आता दोन नंबरचाही डबा बदलणार आहेत. तिथे कुणी ओळखीची असेल तर एवढा निरोप द्या: वही मागतील, तेव्हा सगळं लिही म्हणावं.