पापडखाराची पुडी

ये गं, इकडे ये. तू तिकडे लांब राहतेस हे मला ठाऊक आहे, पण वाचताना तरी जवळ बस. किती वर्षं झाली तुला इथे येऊन? फोन केला की म्हणतेस, "मामी, दिवाळीत बघते, मामी, मे महिन्यात नक्की." असे किती मे महिने गेले! पोरांना मामाच्या घराची वाटसुद्धा माहीत नाही. असं करू नये बाई. मामा गेले म्हणून काय झालं, मामी आहे ना अजून?

रागावून झालं. आता सांगायचं ते सांगते. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. आम्ही पंचवटीत त्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो, वर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक गच्ची. तुझे बाबा हरसूलच्या शाळेत मास्तर होते. सुट्टी लागली की तुझी आई तुला घेऊन यायची आणि चार दिवस राहून, तुला ठेवून परत जायची. लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा कुठे तू झालेली, त्यामुळे तुला सोडून जाताना तिचा पाय निघायचा नाही. त्या वर्षी पिशवी उचलताना मला म्हणाली, "वहिनी, पोर तुमच्या पदरात घालून चाललेय." हसतच म्हणाली, पण मला ते हसण्यावारी घेता आलं नाही. दुसऱ्याची पोर सांभाळायची म्हणजे तळहातावर निखारा. तू जिना उतरताना मी वरून "हळू, हळू" ओरडत बसायचे. माझ्या दोघी तोंडं वेंगाडायच्या. "आई, आम्हाला कधी नाही म्हणत हळू!"

बाकी ते दिवस फार गोड होते गं. सकाळी उन्हाच्या आत गच्चीवर कुरडया घालायच्या, तुम्ही तिघी वाट्या घेऊन गरम चिकासाठी रांगेत. दुपारी पन्हं, ओली चादर दाराला, आणि कॅरम. कॅरम तुझ्या मामांचा. कचेरीतून आले की सदरा न काढता आधी एक डाव खेळायचे.

तर पापड. आमच्याकडे पापडाचा खार फक्त तुझी आजी घालायची. पीठ मी दळून आणायचं, मिरी मी कुटायची, पीठ मी कुटून कुटून मऊ करायचं, पण खाराची पुडी सासूबाईंच्या हातात. त्या आधी बोटानं उचलून जिभेवर टेकवायच्या, डोळे मिटायच्या आणि मग पाण्यात घालायच्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती माझ्या, तरी ते काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्या वर्षी सायखेड्याच्या त्यांच्या बहिणीचे यजमान वारले. सासूबाईंना सकाळच्या एस.टी.नं जावं लागलं. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "दुपारी बायका लाटायला येतील, आता पुढं ढकलू नको. खार तू घाल."

मला केवढा आनंद झाला! बारा वर्षांनी मी पास झाले. त्या आनंदातच सगळं बिघडलं.

फडताळात दोन पुड्या होत्या, दोन्ही वर्तमानपत्राच्या, दोन्हीत पांढरी पूड. एक वाण्याकडून आणलेला पापडखार. दुसरी कॅरमची बोरिक पावडर. मामांनी आणली तेव्हा मीच थोडी जास्त मागून घेतली होती, कारण मोरीत झुरळं फार झाली होती. बोरिक कणकेत कालवायचं, जरा साखर घालायची आणि छोट्या गोळ्या करून कोपऱ्यात ठेवायच्या. आदल्याच आठवड्यात मी ठेवल्या होत्या. सकाळी झुरळं उताणी पडलेली झाडून काढली होती.

मी पुडी उघडली, पाण्यात टाकली, उकळलं, पीठ भिजवलं. जिभेला लावायचं विसरले. मग तेलाच्या हातानं कुटलं, वळी केली, दोरा दातात धरून लाट्या पाडल्या. तू पाटावर उकिडवी बसलेली, हातात तेलाची वाटी. लाटी बुडवायची आणि गट्टम.

"मामी, अजून एक. लय मस्त लागतंय."

"पोट दुखेल हं."

"नाय दुखत. हरसूलला कुणी इतकं देत नाय."

हे ऐकून मी आणखी दोन दिल्या. माझ्या पोरींनी एकेक खाल्ली, त्यांना त्याचं अप्रूप नव्हतं. तू पाच खाल्ल्यास. पाचव्या लाटीपर्यंत मी हसत होते.

जेवणं झाली. पोरी कॅरमची पावडर मागायला लागल्या, तर मी आतूनच ओरडले, "फडताळात पुडी आहे बघा, ती घ्या." थोड्या वेळानं भांडण सुरू झालं, सोंगटी सरकत नाही म्हणून. धाकटी म्हणाली, तू रडी खेळतेस. तू म्हणालीस, मी नाही, पावडरच घाण आहे. आणि तू बोट चाटलंस.

"मामी, ही पावडर पापडासारखी लागते!"

मी बाहेर आले. बोर्डावरची चिमूट जिभेवर ठेवली. खारट, तुरट. पापडखार.

खार बोर्डावर, मग पिठात काय? मला ती मोरीतली झुरळं दिसली, आणि तेलात बुडवलेल्या तुझ्या त्या पाच गोळ्या.

शहाणी बाई असती तर तिथूनच तुला कडेवर घेऊन डॉक्टरांकडे पळाली असती. मी नाही पळाले. मी भ्याले. तुझी आई काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील, गल्लीत काय होईल, हेच आधी मनात आलं. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं. त्यातच जिन्यावर पावलं वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू पोळपाट-लाटणं घेऊन सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. लाटायला बसल्या की त्याही लाटी तोंडात टाकणार, पापड घरोघर जाणार. काय सांगू? तोंडातून निघून गेलं, "काकू, पापड राहू दे आज. मी बाजूला बसले."

त्या काळी तेवढं पुरे व्हायचं. विटाळशी बाईच्या घरात पापड लाल पडतात म्हणायचे. कुणी पुढं विचारणार नव्हतं. मला वाटलं, सुटले.

काकू कसल्या जातात! "अगंबाई, आणि सासू गावाला, घरात तीन पोरी. मी थांबते. तू बस तिकडं कोपऱ्यात, कशाला हात लावू नको." त्यांनी बाकीच्या बायकांना जिन्यातूनच परत पाठवलं, पिठावर फडकं झाकलं, मला घोंगडी टाकून दिली आणि स्वतः पदर खोचून घर ताब्यात घेतलं.

आणि मी त्या घोंगडीवर बसले. तू समोर सतरंजीवर आडवी झालीस. मला उठून तुझ्या कपाळाला हात लावता येईना. तुझी छाती हलते का, एवढंच बघत राहिले. पंख्याच्या वाऱ्यानं फ्रॉक हलला की वाटायचं श्वास आहे, पंखा फिरून तिकडे गेला की माझा जीव जायचा. माझ्या पोरींकडेही बघत होते, पण खरं सांगते, त्यांची भीती वेगळी होती. त्यांचं काही झालं असतं तर मी रडले असते. तुझं झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

"काकू, तिला जरा पाणी द्या ना."

"झोपलीय की ती. झोपू दे."

"काकू, तिचा हात गरम आहे का बघा ना."

"मे महिन्यात हात गार असतो का कुणाचा? तुला आज झालंय काय?"

तीनच्या सुमाराला तू उठून बसलीस, "मामी, मळमळतंय" म्हणालीस आणि भडभडून ओकलीस. काकूंनी तुला धरलं. तू त्यांच्या हातातून माझ्याकडे वळलीस, दोन्ही हात पुढं करून. मग मला काही सुचलं नाही. मी घोंगडीवरून उठले आणि तुला उचललं.

"अगं अगं, शिवलीस की पोरीला!"

मी जिना उतरत होते. पायात चपला नव्हत्या, रस्ता तापलेला. मागून काकू ओरडत येत होत्या, माझ्या चपला हातात घेऊन. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. मी त्यांच्या घराची कडी वाजवली. ते बनियनवरच बाहेर आले. मी सगळं एका दमात सांगितलं, पुड्या, लाट्या, झुरळं, सगळं.

त्यांनी किती पीठ, किती चमचे, किती लाट्या असं शांतपणे विचारलं. तुझे डोळे बघितले, पोट दाबलं. "पोटात फारसं गेलेलं नाही, आणि निम्मं बाहेर आलंय. कच्च्या उडदाचे पाच गोळे खाल्ले की तसंही पोर ओकतं. पण मी आत्ता नक्की सांगणार नाही. संध्याकाळपर्यंत इथंच बसा. दुसऱ्या दोघींनाही आणा."

काकू शेजारी बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "म्हणजे तू बाजूला नव्हतीसच?"

मी मान हलवली.

"इतकं खोटं सुचलं तुला. पुडीला जीभ लावायचं तेवढं नाही सुचलं!"

आणि माझ्या भाजलेल्या पायांवर त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं. मग माझ्या दोघींना आणायला गेल्या.

दिवेलागणीपर्यंत बसलो. तू आणखी एकदा ओकलीस, मग लिमलेटची गोळी मागितलीस. डॉक्टर हसले तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

सासूबाई आल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, कडाडतील. पण त्यांनी आधी तुझ्याजवळ बसून तुझ्या पोटावर हात ठेवला, माझ्या दोघींना जवळ ओढलं. मग सगळं पीठ परसात खड्डा करून पुरलं, वर दगड ठेवला. हात धुताना म्हणाल्या, "लेकीला माझ्या तू सांगायचं का नाही, ते तू ठरव. मी नाही सांगणार."

वन्सं पंधरा दिवसांनी तुला न्यायला आल्या. "पोर जाड झाली हो वहिनी," म्हणाल्या. मी ओठांपर्यंत आणलं आणि गिळलं. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. त्या देवाघरी गेल्या, तरी राहूनच गेलं.

आता तू येत नाहीस, तर कधीकधी मनात येतं, तुला आठवत असेल का? बोर्ड, ओकारी, अनवाणी पळणारी मामी? आणि म्हणूनच तर येत नसशील? असलं काही नसेल, मला ठाऊक आहे. पण भीतीला कुठं कळतं.

राग आला असेल तर ये. तोंडावर बोल, मी ऐकून घेईन. पोरांना घेऊन ये, आणि लवकर ये बाई, याच सुट्टीत.