चंद्री ओरडेना

निमोण्याच्या नव्या वस्तीत सोजराबाई एकटी राहायची. घरामागं बापूसाहेबांचा पुरुषभर उंच ऊस सळसळायचा, आणि त्या वर्षी त्यात बिबट्या मुक्कामाला आला. बाईला त्याचं फारसं भय नव्हतं. तिचा सगळा जीव चंद्री नावाच्या शेळीत होता.

वनखात्यानं पिंजरा आणला. त्यात जाळीपलीकडच्या कप्प्यात आमिष म्हणून शेळी बांधायची असते. ती ओरडली की बिबट्या येतो. बापूसाहेबांनी गोड बोलून चंद्रीलाच बांधायला लावलं.

पण बाई रोज दिवस मावळताना हिरवा घास घेऊन पिंजऱ्याशी जायची, चंद्रीला पोटभर चारायची, तिची पाठ खाजवायची. तृप्त शेळी निवांत रवंथ करत बसायची. बिबट्या फिरकेना.

"आजी, शेळी ओरडली पाहिजे," वनरक्षक कावून म्हणाला.

"मंग तुमी वरडा की. पगार तुमाला हाय, तिला न्हाई."

बापूसाहेब म्हणाले, "सोजराबाई, गावासाठी दोन दिस उपाशी ठेवा तिला."

"बिबट्या कुणाच्या उसात हाय?"

"माझ्या."

"मंग पाव्हणा तुमचा. माझी चंद्री कशापायी उपाशी?" असं म्हणून तिनं सर्वांदेखत शेळी सोडली आणि घरी नेली.

नाइलाजानं बापूसाहेबांनी जत्रेसाठी पोसलेला बोकड बांधला. तो असा बोंबलला की उजाडायच्या आत बिबट्या अडकला. बोकडाला साधा ओरखडाही नव्हता. गाव टाळ्या पिटत होतं.

सोजराबाई बोकडाला म्हणाली, "एकाच्या तावडीतनं सुटलास बाबा. दुसरा जत्रेची वाट बघतोय."