राजाबाईचा खिळा

बाबासो कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कोल्हापूरला ट्रक न्यायचा. त्र्याण्णव साली त्यानं एक सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि त्याच्या बायकोनं, उज्वलानं, कपाळावर हात मारून घेतला. पण हौसेला मोल नसतं. घाटात इंजिन थंड करायला गाडी थांबली, की बाकीचे ड्रायव्हर विडी ओढायचे. हा कठड्यावर कॅमेरा टेकवून ढग दरीत उतरायची वाट बघायचा. रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचा आणि पुढच्या खेपेला ज्याची त्याला प्रिंट नेऊन द्यायचा.

खंबाटकी घाटाखालच्या चहावाल्या आप्पाची प्रिंट अशीच घेऊन गेला, तर टपरी बंद. आप्पा आठवड्यापूर्वीच गेला होता. त्याच्या बायकोनं तोच फोटो हार घालून लावला. दोन महिन्यांनी कराडजवळच्या पंक्चरवाल्या कृष्णातचंही तेच झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? "आमच्याकडं रोखू नगंस रं तुजं ते यंत्र," असं ड्रायव्हर हसत म्हणायचे आणि खरोखरच बाजूला व्हायचे. बाबासोही हसायचा. पण माणसांचे फोटो काढणं त्यानं सोडलं.

आणि नेमका तेव्हाच त्याच्या आईनं, राजाबाईनं, फोटोचा धोशा लावला.

"तुज्या बाचा एक फोटू न्हाई," ती म्हणायची. "नातवंडांनी हात कुणाला जोडायचं? माजा तरी काढ."

आज-उद्या करत त्यानं चार महिने ढकलले. एका रविवारी म्हातारी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून कोपरखैरण्याच्या घरासमोर खुर्ची टाकून बसलीच. डोक्यावर पदर, हात गुडघ्यांवर, शेजारणी बघायला जमलेल्या. नाही म्हणायची सोय उरली नाही. बाबासो आत गेला, रोल काढून डबीत ठेवला आणि बाहेर येऊन रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फ्लॅशही उडाला. राजाबाईनं पापणी लवू दिली नाही.

त्याच संध्याकाळी तिनं उज्वलाकडून भिंतीत खिळा ठोकून घेतला.

मग तो खेपेहून आला, की पायातली चप्पल निघायच्या आत विचारायची, "फोटू आला का रं?"

"रोल संपायचाय, आये."

"किती लांब असतोय ह्यो रोल?"

आठ महिने तिनं विचारलं. दोनदा तो कॅमेऱ्यात रोल भरून तिच्यापाशी गेला आणि दोनदा तसाच माघारी फिरला. पौषात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. फोटो न काढताही गेली. मरणाला आपल्या कॅमेऱ्याची गरज कधीच नव्हती, हे बाबासोला तेव्हा कळलं. पण कळून काय उपयोग?

तेराव्याला खिळ्याखाली पाट मांडत उज्वला म्हणाली, "अवं, आत्यांचा त्यो फोटू आणा की. साऱ्या गल्लीला सांगत हुत्या." बाबासोनं पाटावर नुसता नारळ ठेवला.

त्यानंतर कॅमेऱ्याला डोळा लावला, की रस्त्याच्या कडेला राजाबाई दिसायची. खुर्चीवर, डोक्यावर पदर, हात गुडघ्यांवर, पापणी न लववता थांबलेली. कॅमेरा खाली घेतला, की नुसता कठडा. पहिल्यांदा तो इतका घाबरला, की भर दुपारी केबिनच्या काचा वर करून बसला. पुढं मात्र त्याला तिचीच ओढ लागली. दिसेल तिथं गाडी उभी करायचा, श्वास रोखून बटण दाबायचा. रोल धुऊन आला, की छत्तीसच्या छत्तीस फोटो भिंगाखाली घालायचा. घाट असायचा, पूल असायचा. आई नसायची.

वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं. तो खेपेहून आला, तेव्हा उज्वला त्या खिळ्यावरची धूळ पुसत होती. वर्षभर तिनं त्याला कॅलेंडरसुद्धा लावलं नव्हतं.

"आता तरी आत्यांचा फोटू आणलाय न्हवं?" तिनं विचारलं.

बाबासोच्या पायातली चप्पल अजून निघाली नव्हती.

"रोल संपायचाय," तो म्हणाला.