पक्षकार आपला

बीडच्या कोर्टासमोरच्या त्या ऑफिसात पूर्वी दुपारी एकाच टेबलावर डबे उघडायचे. वकील वनमाला पोटगीचे दावे बघायची, अमरसिंह जमिनीचे. मधे बसायचे त्यांचे सीनियर, राधाकिशनकाका. शेवटचा डबा उघडल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, हा काकांचा नेम. आणि ‘माझा पक्षकार’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही.

"पक्षकार आपला म्हणा. बाई पोटगीला आली, तर तिच्या बापाच्या रानाचं कामबी आपल्याकडंच यावं."

आणि तशी कामं यायचीही. ऑफिस वाढलं ते त्या डब्यांवरच्या गप्पांनी.

काका गेले नि मधे प्लायवूड आलं. भांडण असं काही झालंच नाही. आधी कामं वेगळी झाली, मग डबे. आता अमरसिंह पुढच्या महिन्यात दुसरीकडं जागा घेणार होता. त्याचं फोनवरचं बोलणं वनमालाच्या कानावर आलं होतं. काकांच्या फोटोशेजारच्या गणपतीला फूल वाहताना ती रोज म्हणायची, "देवा, भिंत काढ म्हणत न्हाई. आवाज तेवढा पलीकडं जाऊ दे."

त्या दिवशी माजलगावकडच्या छबुबाई पोटगीच्या तारखेला आल्या होत्या. उठता उठता म्हणाल्या, "ताई, बापाच्या रानात हिस्सा मिळंल का वो मला?"

एरवी वनमाला म्हणायची, बघा कुणी चांगला वकील. आज मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, "दादा, आपल्या बाई आल्यात!"

पलीकडून अमरसिंहनं विचारलं,

"कुणाच्या?"

"आपल्या."

खुर्ची सरकली. अमरसिंह दारात येऊन उभा राहिला. "मावशी, सातबारा हाय का? भावांनी तुमचं नाव ठिवलंय का उडवलंय?"

मग तिनं विचारायचं, त्यानं पुढं न्यायचं, असं बोलणं जुन्या वळणावर आलं. छबुबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या.

"भाऊ-बहीणच दिसता की. मग ही फळी कावून मधी? तुमची बी वाटणी झाली का काय?"

अमरसिंह प्लायवूडची कड नखानं खरवडत राहिला.

"अजून न्हाई, मावशी."

छबुबाई गेल्या. तोही आत गेला. वनमालानं डबा उघडला. पलीकडं डब्याचं झाकण वाजलं. मग काहीच वाजेना. तिनं मोडलेला घास हातातच धरला, आणि खुर्ची सरकते का म्हणून कान देऊन बसली.