सांगितलेला भाव

लाडकीची अर्धी हयात सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात गेली. आता गुडघ्यांनी दगा दिला. म्हणून सून मेघालीने सातपाटीच्या घरातूनच मोबाइलवर बोंबील विकायला काढले. पैसे पार्सल हाती पडल्यावर द्यायचे होते. लोक हौसेने मागवत आणि वास आला की दारातूनच परत पाठवत. परत आलेले बोंबील दमट होत, कुणाच्या कामाचे राहत नसत. असंच चाललं असतं तर गुडघे बांधून पुन्हा बाजारात बसण्यावाचून गत नव्हती.

मग मेघालीने फोनवर पैसे आधी घेण्याची सोय केली. पैसे जमा झाले की ऑर्डर पक्की. लाडकीला ते पटेना. बोंबील मोडून, हुंगून न बघता पैसे देणारं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नव्हतं. किलोचा भाव मात्र तिने सवयीने सहाशे सांगितला. घासाघीस होऊन शेवटी साडेचारशेवर यायचंच होतं.

दुसऱ्याच सकाळी नाशिकच्या एका बाईंचे सहाशे जमा झाले.

मेघाली खूश झाली, पण लाडकीच्या मनात पाल चुकचुकली. घासाघीस न करता कोण पैसे देतं? नक्की कुणी भामटा असणार, आपलं खातं धुऊन नेणार. मन चिंती ते वैरी न चिंती. तिने पार्सल बांधूच दिलं नाही. मेघालीने खात्यातले पैसे दाखवले, पावती दाखवली. बाईंनाही तशीच पावती गेली होती. भामट्याची भीती गेली, पण दुपारपर्यंत उलटीच भीती बसली. बाई सरळ असेल, तर लुबाडणारी आपणच.

तिने दीडशे परत करायला लावले. मेघालीने फोनवरूनच ते पाठवले.

थोड्याच वेळात बाईंचा फोन आला. आवाज रडवेला होता. आजारी आईला कितीतरी दिवसांनी काही खावंसं वाटलं, तेही बोंबीलच. आणि पैसे परत येऊ लागले. ऑर्डर रद्द केली का?

लाडकीने फोन घेतला. "नाय गो बाय, पाठवतेच हाय. तू भाव पाडला नाय, मंग तुज्यावतीनं मीच पाडला."

बाईंनी तिचे आभार मानले. मग त्यांनी विचारलं, बहिणीसाठी अजून किलोभर कितीला द्याल?

लाडकीच्या ओठांवर सहाशे आले होते. ते मागे सारून ती म्हणाली, "साडेचारशे." बाईंनी घासाघीस केली, तर आता खाली उतरायला जागाच नव्हती.

पहिलं पार्सल बांधून व्हायच्या आत साडेचारशे जमा झाले होते.