हँडलच्या पोटातल्या तारा

तंजावूरच्या कीळवासल भागात रघोजीचं मोटरसायकलींच्या वायरिंगचं दुकान. मुका झालेला हॉर्न, मधेच विझणारा दिवा, भिजून रुसलेला स्विच, सगळं त्याच्याकडे यायचं. गल्लीत लोक त्याला ‘करंट रावजी’ म्हणत. ते कानावर पडलं की त्याला बरं वाटे.

मुलगी हरिणी पॉलिटेक्निक संपवून दुकानात बसू लागली, तेव्हा त्यानंच शेजाऱ्यांना मैसूरपाक वाटला होता.

मग कॉलेजच्या पोरांत नवं खूळ आलं. हँडलवर एकही तार दिसता कामा नये, सगळ्या नळीच्या आतून हव्यात. हरिणीला ते छान साधलं. ब्रेकची जुनी केबल ती नळीत सरकवी, तिच्या टोकाला तारांचा जुडगा बांधी, वर पावडर चोळी आणि हलक्या हातानं ओढून घेई. तार बाहेर आली की पोरं टाळ्या पिटत.

“हरिणी नाही का? मग नंतर येतो,” असं म्हणून गिऱ्हाईक परत जाऊ लागलं. रघोजी दुकानातच बसलेला असे!

“नशीबवान आहात,” लोक म्हणत. तो हसे. घरी मात्र भात पुढ्यात आला की त्याला कशातही खोट दिसे. एकदा बायको विशालाक्षी म्हणाली, “पोरीचं कौतुक झालं की तुमचं जेवण का हो कमी होतं?” तो ताटावरून उठून गेला.

एके दिवशी वादिराज नवं हँडल घेऊन आला. त्याचं भाताचं शेत तिरुवैयारुजवळ, गाडीवर जीव. हरिणी सामान आणायला गेली होती.

“गाडी ठेवून जा,” रघोजी म्हणाला.

हरिणी येण्याआधी काम उरकायचंच, असं त्यानं मनाशी धरलं. नळीला भोक पाडलं, पण कडेवर कानस फिरवली नाही, रबराची चकतीही बसवली नाही. तारा अडल्या तशा जोर लावून ओढल्या. बाहेरून हँडल सुरेख दिसत होतं. हरिणी आली तेव्हा तो मुद्दाम म्हणाला, “बघ, झालंसुद्धा.”

“आतली कड घासलीत ना, अप्पा?”

“मला शिकवतेस?”

ती आणलेलं सामान फळीवर लावू लागली.

दोन-चार दिवसांनी वादिराजची गाडी मालाच्या रिक्षात घालून परत आली. कावेरीच्या पुलावर हँडल वळवताना तार भोकाच्या धारेवर कापली गेली, फ्यूज उडाला आणि भर रहदारीत गाडी मेली. मागे त्याची म्हातारी आई बसली होती. सुदैवानं मागची बस वेळेवर थांबली.

काम तिनंच केलंय असं धरून वादिराज आला तो थेट हरिणीवर तुटून पडला. “एवढं नाव ऐकलं तुझं! हे काम? आईला काही झालं असतं म्हणजे?”

दुकानापुढे माणसं जमली. हरिणीनं बापाकडे पाहिलं.

रघोजी हातातला टेस्टर पुसत राहिला. तोंड उघडायला हवं, हे त्याला कळत होतं. पण तिला कुणीतरी बोल लावतंय, हे ऐकून त्याच्या छातीतलं काहीतरी सैल झालं होतं, आणि ते त्याला हवंहवंसं वाटत होतं.

हरिणीनं खाली बसून हँडल सोडवलं, भोकाची कड घासली, नव्या तारा घातल्या. माणसं पांगल्यावर ती एवढंच म्हणाली, “अप्पा, त्यांना सांगा.”

“सांगतो.”

त्यानं सांगितलं नाही. महिनाभरात हरिणीनं मेडिकल कॉलेज रोडवर स्वतःचं दुकान घातलं. भांडण नाही, रडारड नाही. पूजेला बोलावलं तेव्हा रघोजी नारळ घेऊन गेला आणि प्रसाद घेऊन लगेच निघाला.

विशालाक्षीनं बोलणंच टाकलं, तेव्हा कुठे तो बस धरून वादिराजच्या घरी गेला. ओसरीवर उभ्याउभ्याच म्हणाला, “ते काम माझं होतं. पोरीचं नव्हे.”

वादिराजनं त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. मग म्हणाला, “त्या दिवशी चारचौघांत बोलायचं होतंत, अण्णा.” आणि पुढे विचारलं, “तिचं दुकान कुठंशी आहे? धाकट्याची गाडीही करून घ्यायची आहे.”

रघोजीनं पत्ता सांगितला. अगदी वळणासकट नीट सांगितला. परतीच्या बसमध्ये मात्र, वादिराज जाईल तेव्हा ते दुकान बंद असावं, असं त्याला राहून राहून वाटत होतं.