काळी पाचचे रशीदभाई

रशीदभाई शेख कुठल्याही हॉटेलात चहाला बसले आणि तिथं टेपवर त्यांनीच गायलेलं गाणं लागलं, की ते मालकाला हमखास विचारायचे, "हे कोन गातंय हो?" मालक सांगायचा, प्रतापकुमार. रशीदभाई मान डोलवायचे, आवाज लई वरचा हाय म्हणायचे आणि उरलेला चहा सावकाश संपवायचे. मी सोबत असले तर मला कानकोंडं होऊन जायचं. उत्तर ठाऊक असताना विचारता कशाला, असं मी एकदा न राहवून म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "ताई, इचारलं न्हाई तर जखम सुकंल. सुकली की मानूस इसरतो. मला इसरायचं न्हाई."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नगरमधल्या एका कॅसेट कंपनीत. भिंतींना गोणपाट ठोकलेली एक खोली, तिला सगळे स्टुडिओ म्हणत. मी कॉलेजात होते आणि कोरसमध्ये गायचे. एक दिवस घोडेगावच्या गुरांच्या बाजारात वडिलांबरोबर दलाली करणारा एक रुंद खांद्यांचा, दाट मिश्यांचा तरुण आला. पेटीवाल्यानं पट्टी विचारली, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावरून गाणार ते. बहुतेक पुरुष काळी एक नाहीतर काळी दोन सांगतात. हा म्हणाला, काळी पाच. पेटीवाला हसला, कारण त्या पट्टीत आम्ही मुली गायचो. रशीदभाई रागावले नाहीत. डोळे मिटून त्यांनी देवीच्या गाण्याची पहिली ओळ उचलली. आवाज बारीक होता, पण बायकी नव्हता, आणि वर गेल्यावर पातळ होण्याऐवजी आणखी भरत होता. आमच्या कोरसची जागा आली तेव्हा आम्ही गायचंच विसरलो. रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागलं.

ते देवीची गायचे, खंडोबाची गायचे, उरुसात कव्वालीही गायचे. एवढा वर आवाज लागतो कसा, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बाजारात लांबच्या गिऱ्हाइकापत्तूर आवाज पोचवावा लागतो. देवी तर त्याहून लांब." असं बोलताना ते हसत. त्या काळात त्यांना हसता येत होतं.

कॅसेट बाहेर आली. घोडेगावच्या स्टँडवर ती वाजायला लागली म्हणून रशीदभाईंनी आईसाठी एक विकत घेतली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं आधी वरचं चित्र पाहिलं. त्यावर झुलपं वाढवलेला एक गोरा माणूस हसत होता. तो कंपनीच्या शेठचा मेव्हणा. त्याला गळा नव्हता, पण चेहरा होता. नाव छापलं होतं, प्रतापकुमार. रशीदभाईंनी आईला समजावलं की फोटो दुसऱ्याचा असला तरी आवाज माझा आहे. आई म्हणाली, "तो फिर इसमें तू किधर है?" पुढे कितीतरी वर्षांनी हे वाक्य मला सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खालच्या पट्टीत गेलेला मी ऐकला.

ते शेठकडे गेले. शेठनं त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि गोड शब्दांत सांगितलं की देवीच्या कॅसेटवर शेख हे नाव चालत नाही, लोक हातात घेत नाहीत. आवाज तर तुझाच आहे ना, मग झालं. पुढची कॅसेट लगेच करू. मला वाटलं, आता रशीदभाई या खोलीत पाय ठेवणार नाहीत. पण ठरलेल्या दिवशी ते वेळेवर हजर झाले आणि गायले. मी चिडले. जिन्यात त्यांना गाठून विचारलं की तुम्हाला काही वाटतं की नाही.

"वाटतंय म्हनून तर गातोय," ते म्हणाले. "त्या फोटोवाल्याच्या गळ्यात धोंड बांधतोय. जरा दमानं घ्या."

धोंड म्हणजे काय ते मला हळूहळू कळलं. प्रत्येक कॅसेटमध्ये रशीदभाई एक गाणं असं गायचे, की त्यातली एक जागा आधीच्यापेक्षा वर असायची. तिथं पोचल्यावर ते सूर धरून ठेवायचे. ढोलकीवाला थांबायचा, आम्ही श्वास धरायचो, तरी सूर सुटायचा नाही. शेठ खूश होता, कारण नेमकी तीच गाणी जत्राजत्रांत वाजत होती. आणि गाणं जितकं वाजे, तितकी प्रतापकुमारला स्टेजवर बोलावणी येत. तो जाई, मागे टेप लावून हातात माइक धरी आणि ओठ हलवी. पहिल्या रांगेत रशीदभाई बसलेले असत. ते काही बोलत नसत, काही करत नसत. फक्त त्याच्या तोंडाकडे बघत. पुढे पुढे प्रतापकुमार स्टेजवर येण्याआधी पडद्याआडून पहिली रांग बघायचा, असं ढोलकीवाला सांगत असे.

माझं लग्न होऊन मी राहात्याला गेले. तिथल्या एका मंडळानं भर दुपारी मांडव घालून प्रतापकुमारचा कार्यक्रम ठेवला. मी गेले. रशीदभाई पहिल्या रांगेत होतेच. सगळ्यात गाजलेलं गाणं सुरू झालं, ती वरची जागा आली, प्रतापकुमारनं मान मागे टाकून तोंड उघडलं आणि लाइट गेली. टेपचा आवाज घोगरा होत होत बंद पडला. त्याचं तोंड मात्र उघडंच होतं.

आधी लोक हसले. मग मागून कुणीतरी म्हणालं की तोंडी म्हणा, माइक कशाला पाहिजे. सगळा मांडव तेच म्हणायला लागला. त्यानं प्रयत्न केला. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. बायकासुद्धा उठून जायला लागल्या. तेव्हा तो स्टेजवरून उतरला, थेट रशीदभाईंच्या समोर आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुम्ही गा. आज एवढं वाचवा."

गा, रशीदभाई, गा, असं मी मनात म्हणत होते. ते गायले असते तर त्या एका ओळीत सगळ्यांना कळलं असतं की खरा गाणारा कोण. एवढी वर्षं दडपलेलं नाव त्या दुपारी त्यांना परत मिळालं असतं.

रशीदभाईंनी पायावरचा पाय काढला नाही. "मी ऐकायला आलोय," ते म्हणाले. "तुमी म्हना."

नंतर मी त्यांना विचारलं, हे काय केलंत? ते म्हणाले, "मी गायलो असतो तर त्यो वाचला असता. टाळ्या मला पडल्या असत्या, पन त्यो बुडला नसता." नाव आणि सूड यांतलं एकच घ्यायचं होतं. त्यांनी सूड घेतला आणि त्याचा कधी पस्तावा केला नाही.

त्या दिवसानंतर प्रतापकुमारला कुणी बोलावलं नाही. रशीदभाईंनीही रेकॉर्डिंग थांबवलं. कंपनी डबघाईला आली तेव्हा शेठ स्वतः घोडेगावच्या बाजारात आला. म्हशींच्या गर्दीत पांढऱ्या कपड्यांनिशी उभा राहून तो विनवत राहिला. आवाज गेला, असं रशीदभाईंनी त्याला सांगितलं. मग त्याच्यादेखत त्यांनी बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला अशी हाक घातली की शेठ दचकून मागे सरकला.

गेल्या वर्षी रशीदभाईंनी अंथरूण धरलं. प्रतापकुमार केडगावला असतो. त्यानं माझा नंबर मिळवून फोन केला. म्हातारा झालोय, एकदा भेटून माफी मागतो, तुम्ही शब्द टाका, म्हणाला. मी निरोप पोचवला. रशीदभाई म्हणाले, "घरात येऊन हात जोडू नको म्हनावं. चारचौघांत माझं नाव घे. गानी रशीदची हुती म्हन. तेवढं केलं की ये." मी ते जसंच्या तसं कळवलं. पलीकडून फोन ठेवला गेला. तो आला नाही.

यंदा उन्हाळ्यात रशीदभाई गेले. मी घोडेगावला पोचले तेव्हा जनाजा निघत होता. बायका घरात होत्या, मी दाराशी रस्त्याकडेला उभी राहिले. पलीकडे लिंबाखाली प्रतापकुमार उभा होता. केस पांढरे झालेले, झुलपं तीच. मोटारसायकलवरच्या एका माणसानं त्याच्याजवळ गाडी थांबवून कोण गेलं म्हणून विचारलं. ओळखीचे होते एक, असं तो पुटपुटला.

मी रस्ता ओलांडला. "नाव सांगा त्यांना," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "रशीद शेख," तो म्हणाला.

"काय करायचे?"

"गायचे."

"काय गायचे?"

मोटारसायकलवाला आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होता. जनाजा वळणावर गेला होता. "प्रतापकुमारची म्हणून जी गाणी आहेत," तो म्हणाला, "ती सगळी यांनी गायलेली."

"मोठ्यानं म्हणा."

त्यानं पुन्हा म्हटलं. मोठ्यानं म्हणताना त्याचा आवाज चिरकला. पानाच्या टपरीवरचे दोघं-चौघं वळून बघायला लागले. मोटारसायकलवाला बरं म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. त्याच्या तोंडावरून वाटलं, त्यानं या दोघांतलं एकही नाव कधी ऐकलं नव्हतं.

"आता झालं ना, बाई?" प्रतापकुमारनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "झालं म्हटलं की माणूस विसरतो."